न दुखणारे दुखणे

'बीपी' हा शब्द आता खेड्यापाड्यांतही सर्वांच्या परिचयाचा झाला आहे. पारावर बसलेले एखादे आजोबा 'मला बीपी आहे' असे सहज सांगून जातात. खरे तर बीपी, म्हणजे रक्तदाब, प्रत्येकालाच असतो. तो नसेल तर माणूस जगणारच नाही. आजोबांना म्हणायचे असते ते इतकेच, की आपला रक्तदाब असायला हवा त्यापेक्षा जास्त आहे. पण त्याच पारावर बसलेल्या, ठणठणीत दिसणाऱ्या दुसऱ्या कोणाचा रक्तदाब त्यांच्याहूनही जास्त असू शकतो आणि त्याला स्वतःला त्याची कल्पनाही नसते. डोके दुखत नाही, चक्कर येत नाही, शेतातले काम अडत नाही. मग एके दिवशी सकाळी उजवा हात उचलत नाही, जीभ जड होते आणि घरचे लोक गाडीच्या शोधात धावतात.

न दुखणाऱ्या या दुखण्याचा इतिहास साधारणपणे दोन भागांत सांगितला जातो. रक्तदाब मोजायचे यंत्र कसे तयार झाले हा पहिला भाग आणि तो उतरवणारी औषधे कशी सापडली हा दुसरा. आम्ही प्रयोगशाळेत काम करणारी माणसे. यंत्रांच्या आणि औषधांच्या गोष्टी आम्हाला साहजिकच अधिक प्रिय. परंतु हा इतिहास वाचताना आमच्या लक्षात आले, की त्याला तिसराही एक भाग आहे आणि तो घडला एका लहानशा खाणगावात. आपल्या गावांच्या दृष्टीने तोच अधिक महत्त्वाचा आहे. पहिले दोन भाग थोडक्यात पाहून आपण तिकडे वळू.

घोडी, पारा आणि सायकलची ट्यूब

स्टीफन हेल्स हे इंग्लंडमधील एक धर्मोपदेशक होते. वनस्पतींमध्ये पाणी कसे चढते यावर त्यांनी मोलाचे प्रयोग केले होते. प्राण्यांच्या शरीरात रक्त किती जोराने वाहते, हा प्रश्नही त्यांना पडला. त्यांनी एका घोडीला जमिनीवर बांधून तिच्या मांडीतील धमनीत पितळी नळी घातली आणि तिला एक लांब उभी काचनळी जोडली. रक्त त्या नळीत ८ फूट ३ इंच चढले. हे प्रयोग त्यांनी १७३३ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले.

वर्गात हे गणित जरूर करून पाहावे. ८ फूट ३ इंच म्हणजे सुमारे २५१ सेंटिमीटर. रक्त पाण्यापेक्षा किंचितच जड, सुमारे १.०६ पट, तर पारा पाण्याच्या १३.६ पट जड. म्हणजे हाच दाब पाऱ्यात मोजला असता तर २५१ ला १.०६ ने गुणून १३.६ ने भागावे लागेल. उत्तर येते सुमारे १९.६ सेंटिमीटर किंवा १९६ मिलिमीटर. बांधून ठेवलेल्या, घाबरलेल्या जनावराचा रक्तदाब इतका असावा यात नवल नाही. माणसाचा वरचा रक्तदाब १२० मिलिमीटर म्हणतात तेव्हा तो पाण्याच्या सुमारे १६३ सेंटिमीटर उंच स्तंभाइतका असतो. एखाद्या मोठ्या विद्यार्थ्याच्या उंचीएवढा पाण्याचा स्तंभ आपले हृदय दर ठोक्याला पेलते, हे ऐकून मुले चकित होतात.

लांबलचक नळीऐवजी पारा वापरण्याची कल्पना फ्रान्सच्या प्वाझय यांनी १८२८ साली अमलात आणली. तरीही धमनीत नळी खुपसावी लागतच होती. जिवंत, हिंडत्याफिरत्या माणसाचा रक्तदाब मोजायचा तर शरीराला छेद न देता मोजता यायला हवा होता. इटलीतील डॉक्टर रिवा-रोच्ची यांनी १८९६ साली दंडाभोवती गुंडाळायची हवेची पट्टी तयार केली. तिच्यासाठी त्यांनी सायकलच्या ट्यूबचा उपयोग केला होता. पट्टीत हवा भरत गेले की मनगटावरील नाडी ज्या क्षणी लागेनाशी होते, तो झाला वरचा रक्तदाब. १९०५ साली रशियातील शल्यचिकित्सक कोरोत्कोव्ह यांनी त्यात एकच भर घातली. त्यांनी पट्टीखाली कोपराजवळ स्टेथोस्कोप ठेवून आवाज ऐकायला सुरुवात केली. हवा सोडताना ठोके ऐकू येऊ लागतात तो वरचा दाब आणि ते नाहीसे होतात तो खालचा.

म्हणजे १९०५ पासून जगाकडे एक स्वस्त, पिशवीत मावणारे, सुई न टोचता वापरता येणारे तंत्र होते. थोड्या शिकवणीने ते कोणालाही जमेल असे होते. मग ते गावागावांत पोहोचायला इतकी वर्षे का लागली?

मोजले, पण पुढे काय?

पहिले कारण म्हणजे, वाढलेला रक्तदाब हा रोग आहे असे डॉक्टरांनाच पटलेले नव्हते. वयानुसार धमन्या कडक आणि अरुंद होतात, तेव्हा हृदयाने जास्त जोर लावलाच पाहिजे; तो जोर कमी केला तर मेंदूला आणि मूत्रपिंडांना रक्त पुरणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. तो वरवर पाहता तर्कशुद्धही होता. दुसरे कारण अधिक साधे होते. रक्तदाब उतरवण्याचे धड औषधच नव्हते. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा रक्तदाब मार्च १९४४ मध्ये १८६/१०८ होता. पुढे तो चढतच गेला. १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचा मृत्यू झाला, त्या दिवशी तो ३००/१९० च्या घरात होता. जगातल्या सर्वांत सामर्थ्यवान माणसाचे डॉक्टर शेजारी असून आकडे लिहून घेण्यापलीकडे फारसे काही करू शकले नाहीत.

यानंतरच्या वीस वर्षांत दोन्ही गोष्टी बदलल्या. १९४८ पासून अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम या गावात ५,२०९ स्त्रीपुरुषांची वर्षानुवर्षे तपासणी सुरू झाली. रक्तदाब जितका जास्त, तितका हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोका अधिक, हे त्यातून स्पष्ट होत गेले. औषधाच्या बाबतीत मात्र पहिली वाट भारताने दाखवली, हे आपल्या विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावे. सर्पगंधेची मुळी आपल्याकडे झोप येण्यासाठी आणि वेडावर पूर्वापार दिली जात असे. १९३१ साली गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ती रक्तदाबही उतरवते असे नोंदवले. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांना ती देऊन बारकाईने नोंदी ठेवल्या आणि १९४९ साली ब्रिटनमधील हृदयरोगविषयक नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध केले. तेव्हा कुठे पाश्चात्त्य वैद्यकाचे तिकडे लक्ष गेले. १९५२ साली स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी त्या मुळीतून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे केले. पुढे १९५८ च्या सुमारास लघवीवाटे मीठ बाहेर टाकणारी थायझाइड गटातील औषधे आली.

पण औषधाने आकडा उतरला म्हणजे माणूस वाचला असे होत नाही. ते सिद्ध करावे लागते. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत एडवर्ड फ्राइस यांनी ती परीक्षा घेतली. खालचा रक्तदाब ११५ ते १२९ असलेल्या १४३ पुरुषांपैकी निम्म्यांना खऱ्या गोळ्या आणि निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या निरुपयोगी गोळ्या देण्यात आल्या. खऱ्या गोळ्यांमध्ये थायझाइड आणि हायड्रॅलझिन यांच्या जोडीला आपल्या सर्पगंधेचे रेसर्पिनही होते. १९६७ साली निकाल जाहीर झाला. निरुपयोगी गोळ्या घेणाऱ्यांमध्ये २७ गंभीर घटना घडल्या होत्या, तर औषध घेणाऱ्यांमध्ये फक्त दोन. आता शंकेला जागा उरली नाही. रेसर्पिन नंतर मागे पडले, कारण त्याच्या मोठ्या मात्रेने काही रुग्णांना खोल उदासी येत असे. पण वाट खुली झाली होती.

ग्लिनकोरुगचा डॉक्टर

यंत्र होते, औषध होते, पुरावाही होता. आता फक्त रुग्णांनी यायचे होते. पण न दुखणारे दुखणे घेऊन दवाखान्यात येणार कोण?

वेल्समधील एका दरीच्या टोकाशी ग्लिनकोरुग नावाचे गाव आहे. त्या काळी ते कोळसाखाणीचे गाव होते; वस्ती जेमतेम दोन हजारांची, बहुतेक घरे खाणकामगारांची. १९६१ साली ज्युलियन ट्यूडर हार्ट हे डॉक्टर तेथे गेले. त्याआधी त्यांनी साथरोगशास्त्रज्ञ आर्ची कॉक्रन यांच्या हाताखाली काम केले होते. तेथे त्यांना लागलेली सवय म्हणजे समोर आलेला रुग्ण पाहताना न आलेल्यांचाही विचार करायचा.

ही सवय गणिताच्या भाषेत सांगता येते. 'आपल्याकडे उच्च रक्तदाबाचे साठ रुग्ण आहेत' असे एखादे रुग्णालय सांगते, तेव्हा ते अपूर्णांकाचा फक्त अंश सांगत असते. साठ कशापैकी? छेद कुठे आहे? छेद रुग्णालयाच्या दाराबाहेर, गावात असतो. ब्रिटनमध्ये १९४८ पासून राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली होती. उपचार मोफत होते आणि प्रत्येक नागरिकाचे नाव एका ठरावीक डॉक्टरकडे नोंदलेले असे. ग्लिनकोरुगला एकच दवाखाना होता. त्यामुळे हार्ट यांच्या कपाटात अख्ख्या गावाची यादी होती. छेद त्यांच्या हाती होता.

१९६८ साली त्यांनी गावातील २० ते ६४ वयाच्या प्रत्येकाचा रक्तदाब मोजायचे ठरवले. त्यासाठी शिबिर भरवले नाही, दवंडी पिटली नाही. त्यांची युक्ती साधी होती. वर्षभरात गावातील बरीचशी माणसे कोणत्या ना कोणत्या कारणाने दवाखान्यात येतातच: कोणी खोकल्यासाठी, कोणी बोट चेचले म्हणून, कोणी रजेच्या दाखल्यासाठी. आलेल्या प्रत्येकाचा रक्तदाब मोजायचा आणि त्याच्या कागदांवर तशी खूण करायची. मग खूण नसलेले कागद बाजूला काढायचे. ही उरलेली माणसे म्हणजे जी कधीच डॉक्टरकडे येत नाहीत ती. त्यांना निरोप पाठवायचा, आणि तरीही नाही आली तर आपण त्यांच्या घरी जायचे. अशा रीतीने गावातील जवळजवळ प्रत्येक प्रौढाचा रक्तदाब नोंदला गेला. १९७० साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात त्यांनी ही पद्धत मांडली.

मोजणी हे काम तसे सोपेच होते. खरे कठीण काम त्यानंतर सुरू झाले. स्वतःला ठणठणीत समजणाऱ्या माणसाला वर्षानुवर्षे गोळी घ्यायला लावायची. ती बंद केली तर दुसऱ्या दिवशी काहीच बिघडत नाही, उलट बरेच वाटते. रुग्ण तपासणीला आला नाही तर तो 'बेजबाबदार' ठरवून मोकळे होणे सोपे असते. हार्ट यांनी न आलेल्यांची यादी ठेवली आणि परिचारिकांच्या मदतीने त्यांचा पाठपुरावा केला. १९६४ ते १९८५ या काळातील आपल्या गावच्या ओळीने ५०० मृत्यूंचा त्यांनी नंतर आढावा घेतला. यातला कोणता मृत्यू टाळता आला असता आणि त्यात आपली स्वतःची चूक कोठे झाली, हे त्यांनी उघडपणे छापले. असा प्रामाणिकपणा आम्हा संशोधकांमध्येही दुर्मिळ आहे.

१९९१ साली पंचवीस वर्षांचा हिशोब प्रसिद्ध झाला. शेजारच्या तशाच गरीब खाणगावाच्या तुलनेत ग्लिनकोरुगमधील अकाली मृत्यूंचे प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी कमी होते. हे सगळे श्रेय रक्तदाबाच्या गोळ्यांना देता येणार नाही. धूम्रपान, मधुमेह यांवरही तेथे काम झाले होते, आणि एका गावाची एका गावाशी तुलना हा काही निर्विवाद पुरावा नव्हे. पण दिशा स्पष्ट होती.

याच गावात राहून हार्ट यांनी १९७१ साली एक नियम मांडला: चांगल्या वैद्यकीय सेवेची उपलब्धता ही तिच्या गरजेच्या व्यस्त प्रमाणात असते. जेथे आजार जास्त, तेथे डॉक्टर कमी. भौतिकशास्त्रातील व्यस्त प्रमाण शिकवताना हे उदाहरण अनेकांना चटका लावून जाईल.

निम्म्यांचा नियम

१९७० च्या दशकात अमेरिकेतील पाहण्यांमधून एक ढोबळ आडाखा पुढे आला होता. उच्च रक्तदाब असलेल्यांपैकी निम्म्यांनाच तो असल्याचे ठाऊक असते. ठाऊक असलेल्यांपैकी निम्मेच उपचार घेतात. आणि उपचार घेणाऱ्यांपैकी निम्म्यांचाच रक्तदाब आटोक्यात असतो. याला 'निम्म्यांचा नियम' म्हणतात. हार्ट यांनी आपल्या लेखनातून त्याचा पाठपुरावा केला. ठिकाणानुसार आकडे बदलतात, पण आडाखा विचाराला उपयोगी आहे.

समजा एखाद्या गावात ४०० जणांना उच्च रक्तदाब आहे. नियमानुसार २०० जणांना ठाऊक, १०० उपचारांवर आणि ५० आटोक्यात. आता शास्त्रज्ञांनी एक चमत्कारी औषध शोधले, की जे घेणाऱ्या प्रत्येकाचा रक्तदाब हमखास आटोक्यात येतो. किती जणांचा फायदा होईल? शेवटचा 'निम्मा' पूर्ण होईल, म्हणजे आटोक्यात येतील १००. उरलेले ३०० तसेच राहतील. याउलट नवे काहीच शोधले नाही, पण तिन्ही पायऱ्यांवर निम्म्यांऐवजी पाचांतील चार जणांपर्यंत पोहोचलो तर? ४०० चे ३२०, त्यांचे २५६ आणि त्यांतील सुमारे २०५ आटोक्यात. जगातील सर्वोत्तम औषधापेक्षा दुप्पट फायदा घरोघरी जाणाऱ्या माणसाने होतो! हे गणित नववीच्या मुलांनाही करता येते, आणि ग्लिनकोरुगचे सारे सार त्यात आहे.

आपल्या गावांत

उच्च रक्तदाब हा शहरातील सुखवस्तू लोकांचा रोग, खेड्यात कष्ट करणाऱ्याला तो कशाला होईल, असा समज आपल्याकडे पुष्कळ वर्षे होता. गडचिरोली जिल्ह्यात 'सर्च' या संस्थेच्या संशोधकांनी ८६ गावांतील मृत्यूंची कारणे शोधली. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण निघाले पक्षाघात. दर सात मृत्यूंमागे एक. पक्षाघाताचे सर्वांत मोठे टाळता येण्याजोगे कारण म्हणजे उच्च रक्तदाब. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत ग्रामीण भागातही सुमारे एक तृतीयांश प्रौढांचा रक्तदाब वाढलेला आढळला.

ग्रामीण माणसाची अडचण वेगळी असते. तपासणीसाठी तालुक्याला जायचे तर एक दिवसाची मजुरी बुडते, गाडीभाडे लागते, आणि गोळ्या संपलेल्या असतील तर हात हलवत परत यावे लागते. त्याने उपचार सोडले तर दोष केवळ त्याचा नसतो. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाने नेमक्या याच अडचणींवर बोट ठेवले. महाराष्ट्रातील सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा हे जिल्हे त्यात सुरुवातीपासून होते. मोजकी, स्वस्त औषधे आणि ती कोणत्या क्रमाने द्यायची याचा एकच ठरलेला तक्ता. एका वेळी महिनाभराच्या गोळ्या. परिचारिकांकडे मोजणीचे आणि पाठपुराव्याचे काम. आणि प्रत्येक रुग्णाची नोंद. यात नवे असे काहीच नाही. ग्लिनकोरुगची खूण केलेली कागदपत्रेच येथे नव्या रूपात आली आहेत.

ही पद्धत चालते याचा भक्कम पुरावा चीनमधून आला. तेथे खेड्यातच राहणारे, मर्यादित शिक्षण घेतलेले ग्रामवैद्य असतात. ३२६ खेड्यांत सुमारे ३४,००० रुग्णांवर झालेल्या चाचणीत काही खेड्यांतील ग्रामवैद्यांना ठरलेल्या तक्त्यानुसार उपचार व पाठपुरावा करायला शिकवले. दीड वर्षाने त्या खेड्यांतील ५७ टक्के रुग्णांचा रक्तदाब १३०/८० च्या खाली आला होता. इतर खेड्यांत हे प्रमाण सुमारे २० टक्के होते. तीन वर्षांनी हृदयविकार आणि पक्षाघात मिळून सुमारे एक तृतीयांशाने घटले. चीनच्याच ६०० खेड्यांतील दुसऱ्या प्रयोगात नेहमीच्या मिठाऐवजी पाव हिस्सा पोटॅशियम क्लोराइड असलेले मीठ वापरले, तर पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी झाले. हा निकाल २०२१ सालचा. (मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांना मात्र असे मीठ धोक्याचे असते, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते वापरू नये.) लोणचे, पापड आणि वरून घेतलेले मीठ यांचा हिशोब आपल्याही ताटात करायला हवा.

शाळेला यात काय करता येईल? गावाचा छेद शाळेला चांगला ठाऊक असतो, कारण जवळपास प्रत्येक घरातले एक मूल तेथे येते. वरच्या वर्गातील मुलांना घरातील तीस वर्षांवरील माणसांची यादी करायला सांगावी आणि 'गेल्या वर्षभरात रक्तदाब मोजला का?' एवढाच प्रश्न विचारून यावे. कोणाचा किती निघाला हे विचारू नये. ते ज्याचे त्याच्याकडेच राहू द्यावे. 'हो' म्हणणाऱ्यांचे शेकडा प्रमाण फळ्यावर मांडावे. उरलेल्यांची संख्या पाहिल्यावर पुढचे पाऊल मुलांनाच सुचेल. उपकेंद्रातील परिचारिका किंवा आशा ताईंना शाळेत बोलवावे. पाच मिनिटे शांत बसवून, दंड हृदयाच्या पातळीवर ठेवून आणि एकदा नव्हे तर दोनदा रक्तदाब कसा मोजायचा, हे त्या दाखवतील. एकाच वेळच्या आकड्याने कोणी घाबरू नये. निदान वेगवेगळ्या दिवशी मोजूनच करतात.

हेल्स यांच्या काचनळीपासून आजच्या यंत्रापर्यंत जवळजवळ तीनशे वर्षे गेली. मोजण्याची अडचण आता उरलेली नाही, औषधेही फार महाग नाहीत. आपल्या गावातल्या त्या यादीत कोणाच्या नावापुढे खूण नाही, हे पाहून त्याच्या घरापर्यंत चालत जाणे एवढेच काम उरले आहे. ते अजून पुष्कळ शिल्लक आहे.